नोकरी सोडून डायरेक्टर झालेला तैवानी इंजिनिअर: एडवर्ड यांग कोण होता, आणि त्याचे सिनेमे कसे बघायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारा 32 वर्षांचा, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, सिनेमाचं वेड. ज्याला त्याला विचारलं की "एडवर्ड यांग बघ, तोही इंजिनिअरच होता, सोडलीच ना नोकरी" असं ऐकायला मिळतं. तर हा माणूस नक्की कोण, त्याचा चार तासांचा सिनेमा कसा बघायचा, आणि खरंच त्याचं बघून राजीनामा द्यावा का.

मी फिल्म एडिटर आहे, वीस-बावीस वर्षं एडिटिंगच्या टेबलावर बसतोय, अधूनमधून शिकवतो पण. शिकवताना यांगचे तुकडे सगळ्यात जास्त दाखवतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ते राजीनाम्याचं बघू, कारण ही गोष्ट लोक जरा जास्तच सोपी करून सांगतात. यांगचं चिनी नाव यांग दे-चांग. जन्म 1947 चा, शांघायचा. 1949 मध्ये कम्युनिस्ट आले आणि लाखो लोक समुद्र ओलांडून तैवानला गेले, त्यात हे कुटुंब पण होतं. म्हणजे वाढला तैपेईत, पण अशा घरात जिथे मोठी माणसं "आपण परत जाणार आहोत" असं म्हणत म्हातारी झाली. लहानपणी जपानी कॉमिक्स वाचायचा, तेझुका ओसामूचा भक्त, स्वतः पण कॉमिक्स काढायचा. पण त्या काळच्या तैवानमध्ये हुशार मुलाने काय करायचं हे ठरलेलं होतं, आपल्याकडे ठरलेलं असतं तसंच. शिन्चूच्या चिआओ तुंग युनिव्हर्सिटीत कंट्रोल इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत फ्लोरिडाला इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स, 1974 ला डिग्री. मग लॉस एंजेलिसला फिल्म स्कूलला गेला आणि थोड्याच दिवसांत सोडून दिलं. हे कुणी सांगत नाही बघा. पहिल्या फेरीत तो सिनेमातून इंजिनिअरिंगकडे परत गेला होता! सिएटलला युनिव्हर्सिटीच्या एका रिसर्च लॅबमध्ये मायक्रोकॉम्प्युटर आणि डिफेन्सच्या प्रोजेक्टवर काम धरलं आणि ते सातेक वर्षं केलं. तिशी आली. तिथेच एकदा वेर्नर हेरझॉग या जर्मन दिग्दर्शकाचा 'अगिरे' बघितला आणि आत काहीतरी पुन्हा सुरू झालं, असं तो स्वतः मुलाखतींमध्ये सांगायचा.

तरी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असं काही झालं नाही. तैवानमधल्या एका मित्राचा सिनेमा होता, '1905 चा हिवाळा' अशा अर्थाच्या नावाचा, त्याची स्क्रिप्ट लिहायचं काम आलं. ते करत 1981 च्या सुमाराला तो तैपेईत परतला. मग सिल्विया चांग या अभिनेत्रीने बायकांच्या गोष्टींची एक टीव्ही मालिका उभी केली होती, त्यात एक गोष्ट दिग्दर्शित करायला मिळाली. म्हणजे आधी लेखन, मग टीव्ही, मग सिनेमा. चौतिशीतला माणूस, हातात डिग्र्या, आणि सुरुवात एकदम तळातून.

आणि तो डायरेक्टर होऊ शकला याचं खरं कारण तर वेगळंच आहे, ते म्हणजे वेळ. 1980 च्या आसपास तैवानच्या सिनेमाची अवस्था वाईट होती. तेच ते प्रेमपट, त्याच त्या तलवारबाज्या, प्रेक्षक हाँगकाँगच्या सिनेमाकडे आणि व्हिडिओकडे वळलेला. तिथली मोठी फिल्म कंपनी, सेंट्रल मोशन पिक्चर, ही सत्ताधारी क्वोमिंतांग पक्षाच्याच मालकीची. म्हणजे मार्शल लॉच्या, लष्करी कायद्याच्या काळातली पक्षाची कंपनी, तिच्याकडून बंडाची अपेक्षा कोण करेल? पण तिथे प्लॅनिंगमध्ये दोन तरुण लेखक बसले होते, श्याओ ये आणि वू न्येन-जेन. त्यांनी वरच्यांना पटवलं की नवीन पोरं स्वस्तात काम करतात, चार जणांना एकेक छोटी गोष्ट देऊ, बुडलं तरी थोडंच बुडेल. त्यातून 1982 मध्ये 'इन अवर टाइम' हा चार गोष्टींचा सिनेमा आला, आणि तैवानी न्यू सिनेमाची, म्हणजे तिथल्या नव्या लाटेची, सुरुवात बहुतेक लोक तिथूनच धरतात. दुसरी गोष्ट यांगची. वयात येणारी एक मुलगी आणि शेजारचा एक छोटा मुलगा जो सायकल शिकायचा प्रयत्न करतोय, बस. शेवटी त्या मुलाला सायकल येते, आणि तो म्हणतो की वाटायचं सायकल आली की कुठेही जाता येईल, आता आलीये पण कुठे जायचं तेच कळत नाही. माझ्या मते यांगचे पुढचे सगळे सिनेमे या एका वाक्यात आहेत.

वू न्येन-जेन हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच. नोकरी सोडली म्हणून यांग झाला असं नाही. एक बुडणारी कंपनी नवीन माणसं शोधत होती, आणि त्याच क्षणी हा तयार होऊन दारात उभा होता. दोन्ही लागतं. आणि इंजिनिअरिंग त्याने सोडलं असं तर मला अजिबातच वाटत नाही, त्याने ते सिनेमात लावलं. हेच मला मुख्य सांगायचंय.

कसं ते टेबलावरच्या भाषेत सांगतो. त्याचा 1986 चा 'टेररायझर्स' घ्या. एक कादंबरी अडलेली लेखिका, तिचा हॉस्पिटलमधला नवरा ज्याला प्रमोशन हवंय, एक श्रीमंत घरातला फोटोग्राफर पोरगा, आणि पोलिसांच्या धाडीतून पाय मोडून पळालेली एक मुलगी. यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ती मुलगी घरात अडकून पडते आणि कंटाळून डिरेक्टरीतले नंबर फिरवत खोटे फोन करते. त्यातला एक फोन लेखिकेला लागतो. आणि त्या एका फोनने सगळं घर खाली येतं. साधी भाषा वापरायची तर त्याने एक सर्किट काढलंय, चार वेगळे लूप, मध्ये कुठेतरी एक तार चुकून चिकटली आणि करंट नको तिथून गेला. कुठल्याच पात्राला पूर्ण डायग्राम दिसत नाही, फक्त आपल्याला दिसतो, तोही अर्धवट. कंट्रोल इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला हेच तर शिकवतात ना, की आउटपुट परत इनपुटला कसं जाऊन भिडतं. त्याच सिनेमात एक फोटो आहे, मुलीच्या चेहऱ्याचा, भिंतभर मोठा, पण अनेक छोट्या कागदांचे तुकडे जोडून केलेला, आणि वारा येतो तेव्हा ते तुकडे वेगवेगळे फडफडतात. मी पोरांना हा शॉट दाखवतो आणि काहीच बोलत नाही.

आता जरा मागे येतो, कारण आधीचे दोन राहिले. पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा 1983 चा 'दॅट डे, ऑन द बीच', दोन तास शेहेचाळीस मिनिटांचा. पहिल्याच सिनेमाला पावणेतीन तास! त्याचा कॅमेरा सांभाळणाऱ्यांत क्रिस्टोफर डॉयल होता, ज्याने पुढे हाँगकाँगच्या वाँग कार-वाय या दिग्दर्शकाच्या सिनेमांनी जगाला वेड लावलं. तेव्हा तो कुणीच नव्हता, ऑस्ट्रेलियातून निघून खलाशी वगैरे होऊन तैवानला पोचलेला माणूस, आयुष्यातली पहिली फीचर. स्टुडिओकडे पगारी कॅमेरामन होते आणि हा बाहेरच्यासाठी अडून बसला, त्यावरून चांगलीच वाजली. यांग हा तसा सोपा माणूस नव्हताच, हेही माहीत असू द्या.

दुसरा 'तैपेई स्टोरी', 1985. यात हिरो कोण? होउ श्याओ-श्येन. म्हणजे तैवानचा दुसरा मोठा डायरेक्टर, यांगचा मित्र. नुसतं कामच केलं नाही तर सिनेमाला पैसे उभे करायला आपलं घर गहाण टाकलं. हिरॉइन त्साई चिन, तिथली मोठी गायिका, तिच्याशी यांगचं त्याच वर्षी लग्न झालं. आणि थिएटरमध्ये किती चालला? चार दिवस. चार दिवसांत उतरवला. आज त्याला क्लासिक म्हणतात, पण होउचं घर गहाण होतं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं.

गोष्ट अगदी साधी आहे. लुंग नावाचा माणूस, लहानपणी बेसबॉलमध्ये चमकलेला, आता दिहुआ स्ट्रीटवर, म्हणजे तैपेईच्या जुन्या बाजारपेठेत, कापडाचा धंदा. त्याची मैत्रीण बिल्डरच्या ऑफिसात. ती नव्या शहराची, तो जुन्याचा, आणि दोघांनाही नक्की कुठे राहायचंय ते माहीत नाही. 1969 मध्ये तैवानच्या पोरांच्या टीमने लिटल लीगची, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलची, वर्ल्ड सिरीज जिंकली होती, तो तिथल्या लोकांसाठी केवढा क्षण होता ते समजायला आपण आपला 1983 चा क्रिकेट वर्ल्ड कप आठवायचा, बस. शेवटाकडे लुंग रात्री रस्त्याच्या कडेला कुणीतरी टाकून दिलेल्या टीव्हीशेजारी बसलेला असतो आणि त्या बंद टीव्हीत त्याला तीच जुनी मॅच दिसते. इथे ना म्युझिक चढतं ना क्लोजअप येतो. दुसरा कुणी असता तर रडवून सोडलं असतं. यांग लांब उभा राहतो. लोक याला थंडपणा म्हणतात, मला ते पटत नाही. लांबून बघितलं की माणूस आणि त्याच्या भोवतीचं शहर दोन्ही एका फ्रेममध्ये येतात, आणि त्याला तर दाखवायचंच होतं की हे शहर त्या माणसाला कसं गिळतंय.

1986-87 च्या सुमारास न्यू सिनेमाची हवा निघायला लागली होती. यांग तैपेईत एका जुन्या जपानी पद्धतीच्या घरात राहायचा आणि सगळी मंडळी तिथेच जमायची, सिनेमे बघायचे, भांडायचं. तिथूनच एक जाहीरनामा निघाला, की धंदेवाईक सिनेमा असू दे पण "दुसऱ्या" सिनेमालाही जागा द्या. पन्नासेक लोकांनी सह्या केल्या, 1987 च्या सुरुवातीला छापून आला. गंमत म्हणजे लोक आता त्यालाच न्यू सिनेमाचा शेवट मानतात. त्याच वर्षी जुलैत मार्शल लॉ उठला, अडतीस वर्षांनी.

आणि मार्शल लॉ उठल्यामुळेच पुढचा सिनेमा होऊ शकला. तुम्ही विचारलेला चार तासांचा, 'अ ब्राइटर समर डे', 1991. नेमका आकडा 237 मिनिटं.

याच्याबद्दल जरा निवांत बोलू. 1961 मध्ये तैपेईच्या कुलिंग स्ट्रीटवर एका शाळकरी मुलाने एका मुलीला भोसकून मारलं होतं. यांग तेव्हा तेरा वर्षांचा, शाळा तीच. सिनेमाचं चिनी नाव सरळ पेपरातल्या मथळ्यासारखं आहे, 'कुलिंग स्ट्रीट किशोर हत्या प्रकरण'. म्हणजे काय होणार हे तैवानी प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत होतं. इंग्रजी नाव मात्र एल्विसच्या गाण्यातल्या ओळीतून आलंय, जी ती पोरं रेकॉर्ड ऐकून ऐकून उतरवून घेतात. खून का झाला याचं उत्तर तो मुलात शोधत नाही, तो चार तास भोवतीचं सगळं मांडत बसतो. चीनची मुख्य भूमी सोडून आलेले आणि आतून घाबरलेले आईबाप, रस्त्यावरच्या पोरांच्या टोळ्या, रस्त्यावरून जाणारे रणगाडे, माळ्यावर सापडलेली जपान्यांची तलवार, अमेरिकन गाणी. बापाला गुप्त पोलीस चौकशीला नेतात, मारहाण नाही काही नाही, फक्त लिही, परत लिही, कुणाला ओळखतोस ते लिही. घरी येतो तो वेगळाच माणूस. तो सीन बघितला की "व्हाइट टेरर", म्हणजे मार्शल लॉच्या काळातली सरकारी दहशत, म्हणजे काय ते वेगळं वाचावं लागत नाही.

मुलाचं काम केलंय चांग चेनने, पहिलाच सिनेमा, आणि सिनेमातला बाप हा त्याचा खरा बाप. शंभराच्या वर बोलणारी पात्रं, त्यातली बरीच पोरं आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर. यांग तेव्हा नाट्यशाखेत शिकवायचा, तिथले विद्यार्थी पण युनिटमध्ये घेतले. तोपर्यंत तिथल्या इंडस्ट्रीत अनुभवी माणसं मिळणं अवघड झालं होतं, मग काय, स्वतःच घडवली. इंजिनिअरचा उपाय, पार्ट मिळत नाही तर बनवा.

हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला ती कॉपीची कॉपीची कॉपी होती. पांढरी सबटायटल पांढऱ्या शर्टावर, आणि रात्रीचे सीन म्हणजे काळा पडदा आणि नुसते आवाज. आणि हा सिनेमाच मुळात उजेड-अंधाराचा आहे! पहिली इमेज बल्बची. मुलगा फिल्म स्टुडिओतून एक टॉर्च चोरतो आणि सिनेमाभर तो टॉर्च त्याच्याजवळ असतो. वादळाच्या रात्री एका बिलियर्डच्या अड्ड्यावर हल्ला होतो, लाइट गेलेले, आणि आपल्याला दिसतं तेवढंच जेवढ्यावर टॉर्च पडतो. मला त्या कॉपीत तेही दिसलं नव्हतं. मी बाहेर येऊन मोठ्या तोंडाने "संथ आहे" असं मत दिलं होतं, आजही आठवलं की लाज वाटते. 2009 मध्ये अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने तो रिस्टोअर केला, म्हणजे साफ करून मूळ रूपात आणला, ती आवृत्ती बघितल्यावर कळलं की मी आधी सिनेमा बघितलाच नव्हता. म्हणून सांगतो, काहीही करा पण रिस्टोअर केलेलीच आवृत्ती शोधा. 185 मिनिटांची एक छोटी आवृत्ती पण आहे, तिच्या वाट्याला जाऊ नका. एका बैठकीत जमत नसेल तर त्या वादळाच्या रात्रीनंतर थांबा, दुसऱ्या रात्री पुढचं बघा. मोबाइलवर नको. खोलीतला दिवा बंद.

मधले दोन पटकन. 'अ कन्फ्यूशियन कन्फ्यूजन' 1994 चा, आणि 'माजाँग' 1996 चा. दोन्हीत तैपेईत पैसा आलाय आणि सगळे सगळ्यांना फसवतायत. बडबडे, चिडलेले सिनेमे. काही लोकांना फार आवडतात, मला 'माजाँग' अर्धाच आवडतो, त्यात राग जास्त आणि माणसं कमी आहेत असं वाटतं. नंतर बघा.

आणि मग 2000, 'यी यी'. कान महोत्सवात बेस्ट डायरेक्टर. 2016 मध्ये बीबीसीने जगभरच्या समीक्षकांकडून या शतकातल्या सिनेमांची यादी केली त्यात आठवा. सुरुवात इथूनच करायची, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तैपेईतलं एक मध्यमवर्गीय घर, लग्नाने सुरू होतं, अंत्यविधीने संपतं, मध्ये आजी कोमात. डॉक्टर सांगतात तिच्याशी रोज बोला, आणि एकेक जण बोलायला बसतो तर कुणाकडे काही सांगण्यासारखंच नसतं. घरातला कर्ता एन. जे., कॉम्प्युटर कंपनीत, आयुष्यभर लोकांनी सांगितलं ते करत आलेला. तीस वर्षांनी जुनी प्रेयसी भेटते. त्याच्या आत सलणारी एक गोष्ट म्हणजे त्याने इंजिनिअर व्हावं असं तिलाही वाटायचं. हे काम कुणी केलंय? वू न्येन-जेनने. 1982 ला कंपनीत बसून ज्याने दार उघडलं होतं तोच. आणि यांग जर सिएटलला राहिला असता तर साधारण कोण झाला असता तर हाच एन. जे. झाला असता, असं मला नेहमी वाटतं.

आता माझ्या धंद्यातलं. एडिटिंग चेन पो-वेनचं. बायकांच्या डॉक्टरकडे सोनोग्राफीची इमेज चालू आहे, पोटातलं बाळ, आणि त्यावर आवाज येतोय की हे आता जिवंत व्हायला लागलंय, विचार करायला लागलंय. आपल्याला वाटतं बाळाबद्दल चाललंय. कट होतो तर ती एका कंपनीतली कॉम्प्युटर गेम्सवरची मीटिंग! आवाज पुढच्या सीनचा होता. दुसरा, बाप टोकियोत जुन्या प्रेयसीबरोबर फिरतोय आणि पहिल्यांदा हात धरला त्याची आठवण सांगतोय, त्याच वेळी तैपेईत त्याची मुलगी पहिल्यांदा एका मुलाबरोबर बाहेर पडलीये. दोघांचं एकमेकांना माहीत नाही. डायलॉग एकाचा, वळणं दोघांची तीच. हे नुसतं एडिटरने टेबलावर जुळवलेलं नाहीये बरं का, हे लिहितानाच असं लिहिलेलं असणार, कारण शूटिंगमध्ये त्या जागा सोडलेल्या दिसतात. नवीन पोरं मला विचारतात एडिटिंगमध्ये असं काय करता येईल, मी म्हणतो आधी स्क्रिप्टमध्ये तार ओढा, मग मी जोडतो.

आणि काचा. एन. जे. ची बायको रात्री ऑफिसात खिडकीशी रडत उभी आहे, काचेत बाहेरचं शहर तिच्या अंगावर उमटलंय, आणि कुठल्यातरी टॉवरवरचा लाल दिवा बरोबर तिच्या छातीच्या जागी लुकलुकतोय. हे कॉम्प्युटरवर चिकटवलेलं वाटतच नाही, माणूस आणि शहर एकाच काचेत.

घरातला आठ वर्षांचा यांग-यांग कॅमेरा घेऊन लोकांच्या डोक्यामागचे फोटो काढतो, कारण ते लोकांना स्वतःला दिसत नाही, म्हणून. मास्तर त्याची टर उडवतात. याहून मला आवडतो तो जपानी माणूस, ओता. एन. जे. ला पत्ते ओळखून दाखवतो, हा म्हणतो जादू आहे, तर तो सांगतो जादू काही नाही, प्रॅक्टिस केली, प्रत्येक पत्ता कुठे आहे ते मला माहीत असतं. यांग स्वतःबद्दल कधी इतकं सरळ बोलला नसेल.

आणि हा सिनेमा तैवानमध्ये कधी रीतसर रिलीज झाला? 2017 ला. जगात गाजून सतरा वर्षं झाली, आणि यांगला जाऊन दहा. 'यी यी'नंतर यांगला कॅन्सर झाला होता. ॲनिमेशनकडे वळला, लहानपणीची कॉमिक्सची हौस परत आली, जॅकी चॅनबरोबर 'द विंड' नावाचा ॲनिमेशनपट चालू होता तो अर्धवट राहिला. 29 जून 2007 ला लॉस एंजेलिसजवळ बेव्हर्ली हिल्सला गेला, एकोणसाठाव्या वर्षी. पूर्ण सिनेमे किती? सात. पंचवीस वर्षांत सात, आणि एकाने चार दिवसांत थिएटर सोडलेलं.

म्हणून राजीनाम्याचं मला विचारू नका, हा हिशोब समोर ठेवा आणि स्वतः बघा. मी तुमच्या जागी असतो तर नोकरी करत करत आधी एक दहा मिनिटांची गोष्ट लिहिली असती, त्याने तर आख्खी स्क्रिप्ट लिहूनच आत पाऊल टाकलं होतं. बघण्याचा क्रम माझ्या मते असा, 'यी यी', मग 'टेररायझर्स', मग 'तैपेई स्टोरी', आणि मग एखादा मोकळा शनिवार धरून तो चार तासांचा. त्यात शेवटच्या तासात तो पोरगा टॉर्च कुठे ठेवून जातो तेवढं नीट बघा, आणि बघून झालं की मला सांगा, त्यावर बोलायचंय.